तिसरी बॅटरी घेण्याआधी करंटची गळती शोधा

भाऊ, दोन बॅटऱ्या बदलूनही स्पोर्ट्स कार आठवडाभर उभी राहिली की मरते म्हणता, तर तिसरी घेऊच नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट येत असतील तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बहुधा ठीक आहे. मग इंजिन बंद करून निगेटिव्ह केबल काढा, केबल आणि बॅटरीच्या मधे मल्टिमीटर (करंट मोजणारं मीटर) लावा, 10 अँपिअरवर, आणि गाडी लॉक करून तासभर थांबा. आकडा 50 मिलिअँपिअरच्या वरच राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने तो झपकन उतरेल, करंट खाणारा चोर त्याच सर्किटवर. मीटर लागलेलं असताना स्टार्टर मात्र मारू नका! बाहेरून बसवलेलं म्युझिक आधी तपासा. गाडी कोठ्याजवळ, कापसाच्या ढिगाशेजारी असते ना? मग बोनेटखाली उंदरांनी कुरतडलेली वायर नक्की बघा. आपल्याकडचं 45 अंशांचं ऊनही बॅटरीचं आयुष्य खातंच.