अनुभव धागा: रोज जवळ राहणारा छोटा कॅमेरा, आणि त्यापायी तुम्ही कशावर पाणी सोडलंत?

सातारा (धागा सुरू करताना)

मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे आणि मोठा कॅमेरा बऱ्याच घरांत कपाटात आहे. हा धागा त्या दोघांच्या मधल्या कॅमेऱ्याबद्दल आहे. लेन्स न बदलणारा, खिशात किंवा पिशवीत मावणारा, मंडईत निघालो तरी सोबत येणारा. तो काय काय करतो हे जाहिरातीत वाचायला मिळतं. तो काय करत नाही आणि ते तुम्ही रोज कसं निभावता, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं गणित. या कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारे सेन्सर साधारण तीन मापांचे जास्त दिसतात. सगळ्यात लहान १/२.३ इंची, म्हणजे सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर. मधला ‘एक इंची’, नावाला इंच पण प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटर. मोठा एपीएस-सी, सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर मधला लहानाच्या चौपट भरतो आणि मोठा मधल्याच्या तिप्पट. सेन्सर वाढला की त्याच्यावर प्रकाश टाकणारी लेन्सही वाढते, आणि झूम हवा असेल तर ती आणखी जाड होते. म्हणून मोठ्या सेन्सरचे जे कॅमेरे खरोखर खिशात जातात, त्यांना झूम नसतो. मोठा सेन्सर, लांबचा झूम आणि खिशात मावणारा आकार या तिन्ही गोष्टी एकदम कुणालाच मिळत नाहीत. तुम्ही कोणती सोडलीत, आणि का?

वाई, शाळेत शिकवते

माझ्याकडे सोनीचा आरएक्स१०० आहे, २०१२ साली आलेला पहिलाच. वापरलेला घेतला. एक इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, २८ ते १०० मिलिमीटर झूम (हे आकडे फुल-फ्रेमच्या हिशोबातले; आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ), वजन २४० ग्रॅम. पर्समध्ये डब्याशेजारी बसतो, म्हणून मुलांच्या सहलीला तो न्यावा लागत नाही, आपोआप आलेला असतो.

त्याची खरी तडजोड कळली ती लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सातारा-वाई पट्ट्यातली ही अठराव्या शतकातली विहीर, अष्टकोनी, आणि तिच्या पोटातच एक छोटा महाल. आत काळ्या दगडाचा गच्च अंधार, आणि कमानीतून बाहेर बघावं तर पाण्यावर ऊन. अशा जागी कोणताही छोटा कॅमेरा एकतर ऊन पांढरं करून टाकतो किंवा दगड काळाठिक्कर. मी प्रकाशाचं मोजमाप उन्हावरून धरते, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्यानं न बदललेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढते आणि घरी कॉम्प्युटरवर सावल्या उचलते. एक इंची सेन्सरमध्ये तेवढी सोय असते. दगडावरची नक्षी परत येते, थोडी रवाळ येते, पण येते.

दुसरी गोष्ट झूमची. रुंद टोकाला या लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ/१.८ असतं (एफचा आकडा वाढला की भोक लहान), पूर्ण झूम केलं की एफ/४.९ होतं. म्हणजे प्रकाश सातपटीहून जास्त कमी झाला. जाहिरातीत ‘१.८’ मोठ्या अक्षरात असतं. म्हणून अंधारात मी झूमला हात लावत नाही, चार पायऱ्या उतरून पुढे जाते. मुलांनाही तसंच शिकवलंय.

जे निभावणं अवघड जातं ते म्हणजे डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नसणं. मेणवलीच्या घाटावर एप्रिलच्या दुपारी त्या पोर्तुगीज घंटेचा फोटो काढताना स्क्रीनवर मला माझाच चेहरा दिसतो. पदराची सावली करून काढते. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर उचलला जाणारा व्ह्यूफाइंडर मिळतो, पण त्या तिसऱ्या आवृत्तीत झूम ७० मिलिमीटरलाच थांबतो. ज्यांना ऊन जास्त, त्यांनी तो बघावा.

मिरज, घर सतारी बनवणाऱ्यांचं

वाईच्या ताईंनी झूमचं लिहिलंय. मी झूम पूर्णच सोडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर आमच्या गल्लीत मोठे कॅमेरे घेऊन येणारी माणसं वाढली. चांगली गोष्ट आहे. पण मोठा कॅमेरा दारात आला की वडील आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि तयार सतार मांडीवर घेऊन बसतात. फोटो झकास येतो, फक्त त्यात काम नसतं. भोपळा कापणं, त्यावर लाकडी तबली चिकटवणं, दांडी कोरणं, तारा टेकतात त्या घोडीवर जवारी लावणं (सूर खुलावा म्हणून ती घासून जुळवणं), हे सगळं बनियनवर, भुशात, फरशीवर बसून चालतं. मला ते टिपून ठेवायचंय, कारण हातातलं हे काम कुठं लिहिलेलं नाही. बघून बघूनच पुढं आलंय.

म्हणून रिकोचा जीआर ३ घेतला. २०१९ चं मॉडेल, एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. लेन्स एकच, २८ मिलिमीटरची, एफ/२.८. शर्टाच्या खिशात बसतो. शटर लेन्सच्या आतच आहे, त्यामुळे आवाज जवळजवळ नाही. हे आमच्याकडं फार मोलाचं आहे. जवारी लावताना वडील घोडी कानशीनं किंचित घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. तेव्हा घरात भांडंसुद्धा कुणी वाजवत नाही. तिथं खटखट करणारा कॅमेरा मला नकोच होता.

आता काय सोडलं ते. २८ मिलिमीटर म्हणजे हात हवा असेल तर हाताजवळ जावंच लागतं. जवळ गेलं की जे पुढं असतं ते अवाढव्य दिसतं: कानस मोठी, वडील लहान. चेहऱ्यासाठी तर ही लेन्स मुळीच चांगली नाही, नाक पुढं येतं. कॅमेऱ्यात ३५ आणि ५० चा क्रॉप आहे, पण तो कापूनच देतो, ५० ला साधारण एक तृतीयांश पिक्सेल उरतात. भिंतीवर लावण्याएवढी मोठी प्रिंट हवी असेल तर ते पुरत नाही. २०२१ मध्ये याचाच ४० मिलिमीटरचा भाऊ आला, जीआर ३एक्स. माणसांचे फोटो जास्त काढणाऱ्यानं तो घ्यावा. मला अरुंद खोलीत भिंतीला पाठ लावून सगळी बैठक एका चौकटीत हवी असते, म्हणून माझं २८ वर भागतं.

फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीन वळत नाही. बॅटरीचा कंपनीनं दिलेला आकडाच सुमारे २०० फोटोंचा आहे. दोन जादा बॅटऱ्या कायम खिशात असतात. त्यांचा हिशोब कॅमेऱ्याच्या किमतीतच धरा.

कारखान्यात फोटो काढणाऱ्यांना एक सांगतो. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० सेकंदाच्या शटरवर फोटो काढले की एक उजळ, एक मंद, एक पिवळट असं होतं. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की सगळे एकसारखे येतात. १/५० ला हात हलू नये म्हणून सेन्सर हलवून स्थिर करणारी सोय या कॅमेऱ्यात आहे, ती रोज कामी येते. वडिलांचा हात मात्र त्या वेगाला थोडा पुसट येतो. मला तो तसाच आवडतो. घासणं घासण्यासारखं दिसतं.

सांगली, मार्केट यार्ड, हळदीच्या अडतीवर

माझं थोडक्यात. झूम करताना नळी बाहेर येणारा कोणताही कॅमेरा भात्यासारखी हवा आत ओढतो. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत आमच्या गोदामात हवा नसते, हळदच असते. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ बसली. लेन्स निघत नाही, त्यामुळे आपल्याला साफ करता येत नाही, आणि दुरुस्तीवाल्यानं अख्खा कॅमेरा खोलायचे पैसे सांगितले ते वापरलेल्या कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीएवढे. एफ/८ च्या पुढं गेलं की आभाळात ठिपके दिसतात. एफ/४ ला दिसत नाहीत, म्हणून आता एफ/४ लाच वापरतो. यार्डात तो चेनच्या पाकिटात असतो आणि गोदामाच्या आत मी नळी बाहेर काढतच नाही. पीठगिरणी, गुऱ्हाळ, खडी क्रशर असल्या ठिकाणी काम असेल त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

सातारा, यवतेश्वर घाटानं रोजची ये-जा

हळदवाल्या दादांना सांगतो, नळी बाहेर न येणारे कॅमेरे आहेत. माझा ऑलिंपसचा टीजी-६ आहे (२०१९). लेन्स पूर्ण आत, पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो, माणसाच्या उंचीवरून पडला तरी सोसेल असा बांधलाय.

मी तो कासमुळे घेतला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं पठार आलं, त्याच्या आधीपासून आमचं जाणं-येणं त्याच वाटेनं. फुलं खरी असतात ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेव्हा वर पाऊस, धुकं, वारा सगळं एकदम. सीतेची आसवं ही फुलं बोटाच्या पेराएवढीही नसतात. दवबिंदू या कीटक खाणाऱ्या रोपाच्या पानावरचे चिकट थेंब तर त्याहून बारीक. टीजी-६ लेन्सपासून एक सेंटीमीटरपर्यंत फोकस करतो. वाट सोडून पाऊल टाकायचं नसतं, टाकूही नये, पण वाटेच्या कडेलाच इतकं उगवलेलं असतं की हात लांब करून सगळं मिळतं.

इथं लहान सेन्सरचा फायदाही होतो, जो फारसा कुणी सांगत नाही. जवळून काढताना मोठ्या सेन्सरवर एक पाकळी स्पष्ट येते आणि दुसरी पुसते. याच्यावर अख्खं फूल स्पष्ट येतं.

सोडलं काय? संध्याकाळ. सेन्सर १/२.३ इंची, १२ मेगापिक्सेल. अंधारात आयएसओ (प्रकाश वाढवून घेण्याचा आकडा) ८०० च्या वर गेलं की पानांची हिरवी भाजी होते. घरातले, लग्नातले, रात्रीच्या गणपतीचे फोटो मी फोनवर काढतो आणि ते जास्त चांगले येतात. पावसात काचेवर थेंब बसतो तोही बघत राहायला लागतं, मी जुन्या धोतराचा मऊ तुकडा जवळ ठेवतो.

फलटण, लग्नाचे फोटो काढतो

धंद्याला मोठे कॅमेरे आहेत. स्वतःसाठी फुजीचा एक्स१००व्ही (२०२०). ३५ मिलिमीटरची एकच एफ/२ लेन्स, आणि डोळ्याला लावायला आरपार काचेचा व्ह्यूफाइंडर, ज्यात चौकटीबाहेरचंही दिसतं. चांदोबाचा लिंबला माउलींचं उभं रिंगण असतं तेव्हा अश्व कुठून येतोय हे चौकटीत शिरायच्या आधी दिसतं, आणि मला तेच हवं असतं. टेलिफोटोवाले लांबून अश्वाचे खूर टिपतात. माझ्या फोटोत अश्व छोटा येतो आणि रिंगणाला उभे राहिलेले वारकरी सगळे येतात. माझ्या आजीनं जे पाहिलं असेल ते हेच, असं वाटतं.

दोन गोष्टी. पुढं रिंग आणि फिल्टर लावल्याशिवाय तो पावसासाठी बंदिस्त होत नाही, ते वेगळे घ्यावे लागतात. आणि ४७८ ग्रॅमचा हा कॅमेरा खिशात बसत नाही, गळ्यातच राहतो. वारीत गळ्यात चालतं. बाजारात बायको म्हणते, लग्नाला निघालात का.

कऱ्हाड

मी छोटा कॅमेरा विकून फोनवरच राहिले. प्रीतिसंगमावरची संध्याकाळ फोन पाठोपाठ अनेक फोटो घेऊन जोडतो आणि आभाळही सांभाळतो, घाटही. मला प्रिंट काढायच्या नसतात, बहिणीला लगेच पाठवायचे असतात. फक्त नदीवरचे बगळे झूम करून बघितले की पिसं रंगवल्यासारखी दिसतात, तेव्हा कॅमेऱ्याची आठवण येते.

विटा, कॉलेजला आहे

मिरजेच्या काकांचं वाचून जीआर हवासा वाटतोय, पण नवा परवडणार नाही. वापरलेला घेताना काय बघू?

सातारा (धागा सुरू करणारा)

आधी शक्य असेल तर फोनवर महिनाभर झूम न करता काढून बघ. फोनची मुख्य लेन्स बहुतेक २४ ते २८ मिलिमीटरच्या आसपासच असते. त्यात गुदमरायला झालं तर २८ चा कॅमेरा घेऊ नकोस.

बघायला दिवसाच जा, आणि आपलं कार्ड सोबत ने. अॅपर्चर सगळ्यात बारीक करून, एफ/१६ वगैरे, मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ आणि मोठा करून चारी कोपरे बघ. हळदवाल्या दादांनी सांगितलेले ठिपके तिथेच दिसतात. लेन्स आत-बाहेर होताना कान लाव, घरघर आली तर नको. डायल आणि बटणं प्रत्येक दाबून बघ, जीआरसारख्या कॅमेऱ्यात स्क्रीनइतकीच त्यांच्यावर मदार असते. एखाद्या छापील कागदाचा सरळ समोरून फोटो काढून डावी-उजवी कड सारखी स्पष्ट आहे का ते बघ. पडलेल्या कॅमेऱ्यात एक बाजू पुसट येते. बॅटरी जुनीच असणार असं धरून नवीचे पैसे बाजूला ठेव. आणि मिरजेच्या काकांकडे एकदा जाऊन हातात धरून बघता आला तर उत्तमच. काका, चालेल का?

मिरज

कधीही ये. सकाळी अकराच्या आत आलास तर जवारीचं कामही बघायला मिळेल.