सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांसह कळसूबाई : शिड्या आणि उतरण यांविषयी मार्गदर्शन हवे

गोदाकाठ :
नमस्कार. येत्या डिसेंबरात आम्ही उभयता मुलगी (वय नऊ) आणि मुलगा (वय सहा) यांना घेऊन बारी गावाकडून कळसूबाई चढण्याचा विचार करीत आहोत. दोन्ही मुले नाशिकजवळचा रामशेज किल्ला कोणाच्याही कडेवर न बसता चढून उतरली आहेत, त्यामुळे चालण्याची त्यांना सवय आहे. परंतु लोखंडी शिड्यांची छायाचित्रे पाहिल्यापासून माझे मन साशंक आहे. मुलाला कमरेला दोर बांधून वर न्यावे का, की पाठीवर घ्यावे? शिवाय एवढ्या लहान मुलाने हे शिखर चढणे मुळात योग्य आहे का? ज्यांनी मुलांना प्रत्यक्ष नेले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डोंगरयात्री :
ताई, शिड्यांची काळजी वाटणे स्वाभाविक आहे, पण माझ्या मते मुलांची खरी कसोटी शिड्यांवर नसून उतरताना लागते. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे आणि बारीपासून त्यातला सुमारे निम्मा भाग पायी चढावा लागतो. रामशेजची चढण त्यापुढे फारच थोडी. सवयीच्या प्रौढ माणसाला वर पोहोचायला तीन तासांच्या आसपास लागतात, तेव्हा सहा वर्षांच्या मुलासाठी चार ते पाच तास धरावेत आणि उतरायलाही जवळपास तेवढाच वेळ हाताशी ठेवावा.

शिडीवर एका मुलामागे एक मोठे माणूस हवे. चढताना मूल पुढे आणि आपण त्याच्या लगेच खालच्या पायऱ्यांवर, दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंनी कठड्याला धरून, म्हणजे त्याचा पाय सटकला तरी ते आपल्या अंगावरच टेकते. उतरताना आपण आधी उतरायचे आणि मुलाने शिडीकडे तोंड करून, पाठमोरे, आपल्या वर राहायचे. दरीकडे तोंड करून पायऱ्या उतरू देऊ नये. कमरेला साधा दोर बांधून त्याचे टोक हातात धरण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा, कारण वर भक्कम आधाराला न बांधलेला दोर पडणाऱ्याला थांबवीत नाही, उलट धरणाऱ्यालाही ओढून नेतो, आणि लहान मुलाचे नितंब कंबरेपेक्षा फारसे रुंद नसल्याने ते त्या फासातून निसटूही शकते. पाठीवर घेऊन शिडी चढणेही तितकेच धोक्याचे आहे. आपला तोल मागे जातो आणि मुलाने अचानक अंग हलवले तर सावरायला हात मोकळा राहत नाही.

आता उतरणीविषयी. डिसेंबरात वाट कोरडी असते आणि मातीवरच्या बारीक खड्यांचा घसारा झालेला असतो. दुपारनंतर दमलेली मुले धावत उतरू पाहतात, कारण पाय रोखून धरण्यापेक्षा धावणे त्यांना सोपे वाटते, आणि बहुतेक मुले पडतात ती अशाच वेळी. पुढे एका मोठ्या माणसाने चालावे आणि त्याला ओलांडून कोणीही जायचे नाही, हा नियम घरूनच ठरवून निघावे. बुटांचे तळवे खाचांचे हवेत; शाळेचे गुळगुळीत बूट चालणार नाहीत. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पहाटे उजाडताच निघून दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग शिखर अर्ध्या तासावर का राहिलेले असेना. हे मुलांनाही आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. ऐन वेळी सांगितले तर रडारड होते आणि आपलाच निश्चय ढळतो.

मीरेची आई :
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही धाकट्यासाठी आधी पाचनई गावाकडून हरिश्चंद्रगड करावा असे मी आग्रहाने सुचवेन. त्या वाटेची चढाई कमी आहे, लोखंडी शिड्या नाहीत आणि वर मंदिराच्या परिसरात मुलांना निवांत बसता येते. गडावरच्या कोकणकडा या उभ्या कड्यापाशी मात्र मुलांचा हात क्षणभरही सोडू नये. दुसरे असे की, या वयाची मुले दमल्याचे शब्दांत सांगत नाहीत. बडबडे मूल गप्प झाले, सपाट वाटेवरही अडखळू लागले किंवा आवडीचा खाऊ नको म्हणू लागले, तर ती पूर्ण थांबण्याची वेळ समजावी. तहान लागण्याची वाट न पाहता दर थोड्या वेळाने घोटभर पाणी आणि सोबत चिक्की, खजूर, गूळपोळी असे काहीतरी देत राहावे.

अकोलेकर :
मी याच भागातला आहे, म्हणून स्थानिक माहितीपुरते लिहितो. शनिवार-रविवारी सूर्योदयासाठी रात्री चढलेले गट सकाळी उतरू लागतात आणि नेमके त्याच वेळी खालून चढणारे शिड्यांपाशी पोहोचतात. अशा गर्दीत मागून घाई करणाऱ्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवावे किंवा मुलांना डोंगराच्या बाजूला उभे करून सर्वांना पुढे जाऊ द्यावे. शक्य असल्यास मधल्या वारी यावे. मात्र त्या दिवशी वाटेवरच्या बऱ्याच टपऱ्या बंद असतात, तेव्हा सरबत-ताकाच्या भरवशावर न राहता सगळे पाणी सोबत घ्यावे. माथ्याच्या अलीकडे विहीर आहे, पण तिचे पाणी न उकळता मुलांना देऊ नये. माकडे हातातला खाऊ हिसकावतात. अशा वेळी मूल दचकून मागे सरकते, म्हणून शिडीजवळ किंवा कड्याजवळ पिशवी उघडूच नये. बारीतला एखादा माहितगार वाटाड्या सोबत घेतल्यास मुलांना तिसरा मोठा हात मिळेल.

गोदाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. दोराचा विचार सोडला आहे आणि पाचनईची वाट आधी करू. कळसूबाईला मधल्या वारी, वाटाड्यासह जाऊ. एक शंका उरते : धाकटा अर्ध्यावर थांबला आणि मोठीला पुढे जायचे असेल, तर काय करावे?

डोंगरयात्री :
वाटाड्या सोबत असल्यास आपल्यापैकी एकाने धाकट्यासह खाली गावात परतावे आणि दुसऱ्याने मोठीला वाटाड्याबरोबर वर न्यावे. धाकट्याला वाटेतच बसवून वाट पाहत राहू नये. घामाने भिजलेले मूल डिसेंबरच्या वाऱ्यात लवकर गारठते. कानटोपी आणि कोरडा सदरा त्याच्यासाठी वेगळ्या पिशवीत ठेवावा, आणि ती पिशवी खाली जाणाऱ्याकडे असावी.