जाम इंजिन : ओढू नका, भिजवा

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं इंजिन जाम झालं की ‘तिसऱ्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढा, सुटेल’ असं कुणीतरी सुचवतंच. कृपा करून तसलं काही करू नका. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात, हिसका बसला की तुटतात.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात काकांची प्रीमियर पद्मिनी गाडी अकरा पावसाळे उभी होती. आधी स्टार्टर काढून बघितला. कधी कधी त्याचाच पिनियन (छोटं दातेरी चाक) इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतो आणि आपण उगाच इंजिनाला बोल लावतो. मग चारही स्पार्क प्लग काढून भोकांत अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल), अर्धं अ‍ॅसिटोन. (अ‍ॅसिटोन भडकतं, विडीवाल्या मिस्त्रीला लांब ठेवा.) रोज थोडी भर, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाच्या क्रँक पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना, हलकेच पुढे-मागे. आठव्या दिवशी पुली नखभर हलली. त्यानंतर काका पाना सोडायलाच तयार नव्हते!

सुटल्यावर लगेच सेल्फ मारू नका. प्लग न लावता हातानेच चार-पाच फेरे द्या, भोकांवर फडकं टाकून. नाहीतर ते लाल तेल तोंडावर उडतं, माझ्या उडालं. मिश्रण रिंगांतून खाली इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलूनच चालू करा. आमच्या तिसऱ्या सिलिंडरला गंजाचा खड्डा निघालाच, हेड उघडावं लागलं ते लागलंच.