पाइपची स्प्रे गन टिकत नाही: पितळी घ्यावी की आणखी काही?

टिळकवाडी परसबाग
बागेच्या पाइपला लावायला टिकाऊ स्प्रे गन कुठली? सात-आठ पॅटर्नवाल्या ज्या मिळतात त्यांचा ट्रिगर तरी मोडतो, नाहीतर मानेतून पाणी गळायला लागतं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर १००० लिटरची टाकी आहे. खालच्या नळाला ३० मीटर हिरवा अर्धा इंची पाइप. पाणी निम्मं नळाचं, निम्मं बोअरचं. कुंड्या, दोन नारळ, पेरू, अधूनमधून गाडी धुणं, एवढंच काम. पितळी घेतली की प्रश्न मिटेल का? दुकानात फवारणीची एचटीपी गन घ्या म्हणतात, ती चालते का?

उद्यमबाग लेथ
‘पितळी’ म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच जस्ताच्या ओतीव असतात, वरून क्रोम नाहीतर पिवळा मुलामा. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण पितळही चिकटत नाही आणि जस्तही. मागच्या आट्यांवर आतल्या बाजूला कानस हलकी घासा. आतपर्यंत पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी-पांढरं दिसलं तर जस्त. दुकानदार घासू देत नसेल तर त्याच मापाचे दोन नग हातात धरा, पितळ जड लागतं.

पण नुसत्या बॉडीवर जाऊ नका. गन मोडते ती तीन ठिकाणी. पहिली ट्रिगरची पिन: साध्या लोखंडाची असली की गंजते आणि भोक मोठं करते. दुसरी ट्रिगरने मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावरची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडं: बोअरचं पाणी सुकलं की दांड्यावर क्षार बसतो आणि तो कानशीसारखा रबर खातो. तिसरी मान: गन धरून अख्खा पाइप ओढत नेला की सगळा ताण आट्यांवर येतो, जस्ताचे आटे तिथेच चिरतात. पाइप ओढताना पाइपलाच धरा की.

माझं मत विचाराल तर ट्रिगरच नको. सुटे भाग जोडा: अर्धा इंची पितळी होज निपल (ज्यावर पाइप चढतो तो), त्यापुढे फुल बोअर (आतलं भोक पूर्ण मापाचं) पितळी बॉल व्हॉल्व्ह, मग छोटा अर्धा इंची निपल आणि त्यावर शॉवरचा रोज, म्हणजे झारीसारखं भोकांचं तोंड. आट्यांवर टेफ्लॉन टेप सहा-सात वेढे, आटा ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. उलट गुंडाळला तर आवळताना सुटून गोळा होतो. यात स्प्रिंग नाही, पिन नाही, आणि जे बिघडेल तेवढंच बदलायचं. दिसायला गबाळं दिसतं, ते सोडा.

अथणी ठिबक
एचटीपी गन घेऊ नका. ती द्राक्षबागेच्या फवारणी पंपावर २०-४० बार दाबाला चालायची वस्तू. तुमच्याकडे दाब किती बार? १० मीटर उंचीला साधारण १ बार. तुमची टाकी नळापासून फार तर साडेसहा मीटर वर असेल, म्हणजे ०.६५ बार. एचटीपीच्या बारीक भोकातून त्या दाबाला नुसतं ठिबकेल.

आणि खरं दुखणं गनमध्ये नाही, पाइपात आहे. मिनिटाला १० लिटर पाणी ३० मीटर अर्धा इंची पाइपातून न्यायचं तर साडेपाच मीटरच्या आसपास दाब घर्षणातच जातो. साडेसहातला उरला एक. तेवढंच पाणी पाऊण इंची पाइपातून नेलं तर जेमतेम पाऊण मीटर जातो. पॅटर्नवाल्या गनांची भोकं नळाच्या २-४ बार दाबाचा हिशेब धरून केलेली असतात, म्हणून मिस्ट (धुक्यासारख्या) पॅटर्नवर तुमच्याकडे धार गळते आणि माणूस ट्रिगर आणखी जोरात आवळतो. आधी पाइप पाऊण इंची ब्रेडेड (आत दोऱ्याची जाळी असलेला) करा, नळापाशीही पाऊण इंची जोड ठेवा. मग वरच्यांनी सांगितलेला शॉवरचा रोज नीट चालेल.

टिळकवाडी परसबाग
पाइप बदलायचं ठरवलं. पण गाडी धुवायला जोर हवा. अर्धा एचपीची मोनोब्लॉक मोटर (पंप जोडलेलीच) पडून आहे. ती जोडून पुढे व्हॉल्व्ह बंद-चालू केला तर?

अथणी ठिबक
मोटर चालू ठेवून पुढून पूर्ण बंद करायचं नाही. आतलं तेच पाणी फिरून गरम होतं, सील जातं, आणि पाइप निपलवरून सुटतो. मोटरच्या पुढे टी टाकून एक फांदी टाकीत परत सोडा, तिच्यावर वेगळा व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवा. नाहीतर प्रेशर स्विचवाला (दाब वाढला की आपोआप बंद होणारा) बूस्टर पंप घ्या. आणि मोटर टाकीच्या लाइनीवरच, नळाच्या सरकारी लाइनीवर नाही. मोटर असेल तर बॉल व्हॉल्व्ह हळू फिरवा, झटक्यात बंद केला की पाइपात दणका बसतो.

खानापूर जांभा
बोअर जांभ्यातलं असेल तर पाण्यात लोह येतं, शॉवर-रोजची भोकं तांबड्या गाळाने बुजतात. चिक्कोडी-निपाणीकडच्या काळ्या रानातल्या बोअरला पांढरा क्षार जास्त. दोन्हीला इलाज नळाच्या टोकालाच करा: ठिबकवाल्यांकडे पाऊण इंची स्क्रीन फिल्टर मिळतो, १२० मेशचा. जाळी दर आठवड्याला धुवायची.

पांढरा थर बसलाच तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, शॉवरचा रोज त्यात अर्धा तास बुडवा, मग ब्रशने घासून साध्या पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको, जस्त खातं आणि क्रोम उडवतं.

पावसाळ्यात गन चार महिने पडून राहते. तेव्हा तोंडाला फडकं बांधा. कुंभारमाशी आत चिखल भरते आणि दसऱ्यानंतर तुम्ही वॉशर बदलत बसता.

उद्यमबाग लेथ
ओ-रिंगचं राहिलं. जुनी रिंग घेऊन सील विकणाऱ्यांकडे जा, बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामामुळे हवं ते माप मिळतं. जुनी चपटी झालेली असते, म्हणून दांडा आणि खाचही मोजून न्या. ‘नायट्राइल’ रबराची मागा. ईपीडीएम (दुसऱ्या जातीचं रबर) असेल तर खोबरेल किंवा साधं ग्रीस लावू नका, फुगते. सिलिकॉन ग्रीस दोन्हीला चालतं.

निपाणी रोपवाटिका
एक सवय: काम झालं की आधी नळ बंद, मग गन उघडून पाइपातलं पाणी सोडा. गन बंद करून पाइप उन्हात भरलेला टाकला की पीव्हीसी मऊ पडून फुगतो आणि निपलवरून निसटतो. नवा पाइप बसवताना टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, निपलवर पूर्ण चढवा, स्टेनलेसची क्लिप लावा. तारेने आवळलेला पाइप तिथेच कापला जातो.