'दुएंदे', 'होंदो' आणि अकरा वर्षांची मुलगी

विचारणा

एका नृत्यकार्यक्रमाच्या निवेदनाचा मराठी अनुवाद करते आहे. स्पेनमधल्या सेव्हियाची अकरा वर्षांची मुलगी फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचा गाण्या-नाचाचा प्रकार, नाचणार आहे. तिच्यात 'दुएंदे' आहे असं मूळ मजकुरात म्हटलंय. मी आधी 'या चिमुकलीच्या अंगात दैवी संचार होतो' असं लिहिलं आणि खोडलं. मग 'दर्दभरी अदाकारी' लिहिलं, तेही खोडलं. शब्द सुचवा. शिवाय एक शंका आहे, ती काही केल्या जात नाही. अकरा वर्षांच्या पोरीबद्दल असं म्हणणं खरं वाटेल का? तिला दुःख ते काय कळलेलं असणार?

उत्तर

ताई, आधी शब्दाकडे बघू, शंकेचं नंतर.

'दुएंदे' हा मुळात घरातला शब्द. घराचा धनी अशा अर्थाचे स्पॅनिश शब्द झिजून तो झाला. जुन्या घरात वावरणारा, भांडी पाडणारा, कुणाला न दिसणारा असा तो घरधनी. कोकणात, गोव्यात आपण देवचार किंवा राखणदार म्हणतो, त्याच्या जवळचा. राखणदार जागेचा असतो, तिथे येणाऱ्याचं वय तो विचारत नाही. हे धरून ठेवा, कारण फ्लामेंकोतल्या अर्थातही, म्हणजे गाण्या-नाचात ऐकणाऱ्याला हलवून सोडणाऱ्या त्या ताकदीतही, ते उरलं आहे. माणूस दुएंदे तयार करत नाही. तो येतो, किंवा येत नाही.

स्पॅनिश कवी लोर्काने १९३३ साली ब्वेनोस आइरेसला या एका शब्दावर व्याख्यान दिलं. त्यात हेरेसच्या एका नृत्यस्पर्धेची हकिगत आहे. देखण्या तरुण मुलींना मागे टाकून ऐंशी वर्षांच्या बाईने बक्षीस नेलं, तेही नुसते हात उचलून, मान मागे टाकून आणि पाय आपटून. ही गोष्ट सांगून दुएंदे हा म्हाताऱ्यांचाच, असं पुष्कळदा ठरवलं जातं. पण त्याआधी, जून १९२२ मध्ये, ग्रानादाच्या अल्हाम्ब्रात संगीतकार मानुएल दे फाया, लोर्का आणि त्यांच्या मित्रांनी 'कांते होंदो'ची, म्हणजे जुन्या, खोल फ्लामेंको गाण्याची स्पर्धा भरवली होती. बाजारू गाण्याखाली जुनं गाणं मरेल ही त्यांची भीती, म्हणून एकवीस वर्षांवरच्या व्यावसायिक गायकांना मज्जाव होता. बक्षिसं मिळालेल्यांत दोन नावं पाहा. एक दिएगो बेर्मुदेस 'एल तेनासास', सत्तरी ओलांडलेला. दुसरा मानोलो ओर्तेगा, बारा वर्षांचा. हाच पुढे मानोलो काराकोल म्हणून मोठा झाला. जुन्या गाण्याचे पुरावे शोधायला बसलेल्या जाणत्यांना म्हातारा आणि पोर दोघांतही तेच गाणं सापडलं.

आता 'होंदो'. प्रमाण स्पॅनिशमध्ये 'ओंदो' म्हणजे खोल, तिथला 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत. दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांताच्या बोलीत तो ऐकू येतो, म्हणून या गाण्याच्या नावात त्याचं स्पेलिंगही वेगळं करतात. मूळ लॅटिन 'फुंदुस', म्हणजे तळ. आपला संस्कृत 'बुध्न' त्याच कुळातला. होंदो हे गाण्याचं विशेषण आहे, गाणाऱ्याचं नाही. खोल असते ती विहीर. पोहरा सोडणाऱ्याचे हात लहान की मोठे, याने विहिरीची खोली बदलत नाही. 'दर्दभरी'ने हेच बिघडतं, कारण तो शब्द दुःख त्या मुलीच्या मनात नेऊन ठेवतो आणि लगेच तुमच्यासारखी शंका निघते.

मुलांच्या हातात पोहरा येतो कसा, हेही सांगण्यासारखं आहे. हितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, घरांमध्ये बारशाला, लग्नाला टाळ्या धरतात. सोलेआ या फ्लामेंको प्रकाराचा ताल बारा मात्रांचा, पण जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर. आपल्या एकतालाची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. त्या घरातलं मूल मात्र बोलायला शिकता शिकता तो ताल उचलतं. नर्तक फार्रुकीतो चार-पाच वर्षांचा असताना आजोबा फार्रुकोंबरोबर ब्रॉडवेवर नाचला. १९९७ साली आजोबा गेले तेव्हा घराण्याचा वारसा पंधरा वर्षांच्या त्याच्यावर आला. त्याच्या नावातला 'ईतो' हा लाडाचा, 'छोटा फार्रुको'. मोठा झाला तरी नाव तेच.

अशी नावं तिथे ढिगाने आहेत. गायिका 'नीन्या दे लोस पेइनेस', म्हणजे कंगव्यांची पोर, १८९० मध्ये जन्मली आणि १९६९ मध्ये गेली. शेवटपर्यंत ती 'पोर'च. गिटारवादक पाको दे लुसिया आणि त्याचा भाऊ पेपे आधी 'लोस चिकीतोस दे आल्खेसिरास' होते, आल्खेसिरासची छोटी पोरं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. बालगंधर्व १९६७ साली गेले तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते, आणि 'बाल' तसंच होतं. छोटा गंधर्व तसेच, कुमार गंधर्वही तसेच. या नावांतल्या 'बाल', 'छोटा'मध्ये कौतुक आहे, पण कमीपणा कुठेही नाही. बातम्यांतल्या 'चिमुकली'मध्ये मात्र तो असतो. तो शब्द काढाच.

हरकत

दादा, व्युत्पत्ती मान्य, पण वय इतकं सहज बाजूला सारता येत नाही. 'व्होस आफिया' हा फ्लामेंकोतलाच शब्द आहे. एल फियो या जुन्या गायकावरून पडलेला, घोगऱ्या, फाटक्या आवाजासाठी. तो आवाज वर्षांनी येतो. आणि आपल्या कुमारजींचंच घ्या. लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या जशाच्या तशा गात. थक्क करणारं होतं, पण पुढे क्षयाने देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं आणि त्यानंतर जे आलं, त्यालाच आपण कुमार गंधर्व म्हणतो ना?

उत्तर

तुमचं खरं आहे, आणि इथे आपल्या भाषेतलीच दोन क्रियापदं वेगळी ठेवायला हवीत. गाणं 'उतरणं' आणि गाणं 'मुरणं'. मुलाच्या गळ्यात, पायात गाणं उतरू शकतं, अगदी तळापर्यंत. मुरायला मात्र काळच लागतो, लोणच्यासारखा. मोठा कलाकार कुठे थांबायचं, काय गाळायचं हे ठरवतो. लहान मूल सहसा मिळालं तेवढं सगळं देऊन टाकतं. तुरुंगावरची, आईच्या मरणावरची कडवी ते गातं ती त्याची नसतात, हेही मान्य. पण सिगिरिया या गाण्याच्या प्रकारातला तो पहिला 'आय', ती आर्त हाक, कोणत्याही अनुभवाचा अहवाल नसतो. आईला हाक मारायला जेवढं ठाऊक लागतं, तेवढं त्याला पुरतं, आणि तेवढं अकरा वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं.

आणखी एक शब्द देतो, 'पेयीस्को'. शब्दशः चिमटा. एखादी हरकत, मानेचा एखादा झटका ऐकणाऱ्याच्या काळजाला चिमटा घेतो, तो पेयीस्को. तिथले रसिक हा शब्द सर्रास वापरतात. तो मराठीत जसाच्या तसा बसतो आणि ज्याला लागला त्याच्याबद्दल बोलतो. मुलीच्या मनात काय आहे याचा दावा करावा लागत नाही.

पुन्हा विचारणारीकडून

'चिमुकली' काढलं, 'दैवी'ही गेलं. 'दुएंदे' तसाच ठेवून पुढे स्वल्पविराम देऊन 'गाण्याचा राखणदार' लिहिलं आहे. वय दुसऱ्या परिच्छेदात नेलं. वाक्य आता असं आहे: 'ती नाचते तेव्हा दुएंदे, गाण्याचा राखणदार, जागा होतो, काळजाला चिमटा बसतो.' 'जागा होतो' की 'उतरतो' यावर अजून अडले आहे. तालमीची चित्रफीत आज रात्री पुन्हा बघेन, मग ठरवीन.