मदत हवी आहे: ध्रुपद परत घेताना चाल बदलली की पेटी (हार्मोनियम) आडवी येते

दर्यापूर तालुक्यातलं खंजिरी भजन मंडळ. पट्टी काळी दोन, ठेका केहरवा, ८ मात्रा. ध्रुपद, म्हणजे भजनाची पालुपदाची ओळ, प्रत्येक कडव्यानंतर येतं आणि दरवेळी तसंच गायलं की सपाट वाटतं.

जॅझ गायक तेच शब्द परत घेताना काय करतात ते पाहून वापरतो आहोत. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे ओळ ठेक्याच्या किंचित मागे ठेवायची, मूळ चालीचे चढउतार मोजक्या स्वरांत आणायची. म्हणून पहिल्यांदा चाल सरळ. दुसऱ्यांदा समेऐवजी (पहिल्या मात्रेऐवजी) तिसऱ्या मात्रेवर उचल, म्हणजे ८ मात्रांचे शब्द ६ मात्रांत. तिसऱ्यांदा फक्त शेवटचे २-३ स्वर वेगळे. दुसऱ्या वेळी ओढून लांबवायचं अक्षर आखूड केलं नाही, तर ओळ पुढच्या समेवर सांडते आणि झीलकरी (मागून ओळ उचलणारे) चुकतात. हे सरावानं जमेल.

खरी अडचण पेटीची. जॅझमध्ये पियानो बहुधा मागे स्वरसंघ (कॉर्ड, एकत्र वाजणारे स्वर) धरतो, म्हणून गायक मोकळा. आपली पेटी चालच वाजवते. गळा मागे राहिला की दोन चाली ऐकू येतात.

पेटीवाल्यानं त्या ओळीला नुसता सा-प धरावा, की गायकामागून जावं? मध्यम प्रबळ असलेल्या चालीत पंचम खटकतो, तिथं सा-म चालेल का? जाणकारांनी कृपया सांगा.