मदत हवी आहे: रानमाणसाचं तांब्याचं फेनिग, ब्राउनश्वाइगचं की हॅनोव्हरचं?

मंडळी, जुन्या नाण्यांच्या एका मिश्र लॉटमध्ये हे तांब्याचं जर्मन नाणं आलंय; फेनिग म्हणजे तिकडचं छोटं नाणं. साधारण २१ मिमी. एका बाजूला हातात झाड धरलेला दाढीवाला, उघडा रानमाणूस. दुसऱ्या बाजूला ‘१ फेनिग शायडे म्युन्ट्स’, म्हणजे चिल्लर. साल १७४० च्या दशकातलं, शेवटचा आकडा झिजलाय. राज्यकर्त्याचं नाव कुठेच नाही.

हा रानमाणूस हार्ट्झ डोंगरातल्या खाणींच्या मुलखातला. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या ड्यूकच्या नाण्यांवर तो दिसतो आणि हॅनोव्हरच्याही, कारण दोघे वेल्फ घराण्याचेच भाऊबंद. त्या दशकात वोल्फेनब्युटेलला ड्यूक कार्ल पहिला होता, हॅनोव्हरला जॉर्ज दुसरा, म्हणजे ब्रिटनचाच राजा. थालरवर, म्हणजे चांदीच्या मोठ्या नाण्यावर, नाव, पदव्या, सगळा थाट असतो. फेनिगवर एवढं कोण कोरत बसणार!

भिंगातून खाली ‘आय. बी. एच.’ वाचता येतं. हा झेलरफेल्डचा टांकसाळप्रमुख योहान बेन्यामिन हेख्ट. पण घोळ इथेच आहे. ती टांकसाळ दोन्ही शाखांच्या सामाईक मालकीची: हॅनोव्हरचे चार सप्तमांश, वोल्फेनब्युटेलचे तीन, आणि वाटणी झाली थेट १७८८ मध्ये. शेजारच्या क्लाउस्टालचं नाणं असतं तर हॅनोव्हर म्हणून मोकळा झालो असतो.

तर मग ओळखायचं कशावरून? झाड कुठल्या हातात आहे यावरून शाखा ठरते असं ऐकलंय. तांब्याच्या चिल्लरीलाही ते लागू होतं का?

दुसरी शंका व्यवहाराची. ८ फेनिगचा एक मारियनग्रोशेन, असे ३६ म्हणजे थालर. १२ फेनिगचा एक गुटेग्रोशेन, असे २४ म्हणजेही थालर. दोन्हीकडून २८८ फेनिग, हिशोब चोख बसतो. पण बाजारात पावाचा भाव कशात सांगत? शिवाय १६२० च्या आसपास फ्रीडरिश उलरिश ड्यूक असताना इथल्या हिणकस नाण्यांनी लोकांना पार बुडवलं होतं. त्यानंतर अशी चिल्लर एका वेळी किती घ्यायची यावर कायद्याने मर्यादा होती का?

घरचे चिंच लावून घासायला टपलेत, अजून नाणं वाचवून ठेवलंय. दोन्ही बाजूंचे फोटो प्रतिसादात टाकतो. कडेचा हवा असेल तर सांगा.